इंदुबाईच्या छपराला ऋतुजा

टाळेबंदीत मी जेवढे फोटो काढले तेवढे आयुष्यात कधी काढले नाहीत. त्यातला एकही कॅमेऱ्यात नाही, ही गोष्ट वेगळी.

पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत माझा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज हे पोटासाठी. साडीवाल्यांच्या आणि सराफांच्या जाहिराती करतो त्या हौसेसाठी. आणि या हौसेच्या कामात माझी मॉडेल एकच, रोह्याची ऋतुजा. मॉडेल म्हटलं की लोकांना उंच टाचा आणि मुंबई आठवते. आमची मॉडेल सकाळी वडिलांबरोबर खळ्यात वाल झोडपायची आणि दुपारच्या एसटीने पेणला येऊन शालू नेसायची. केसात वालाचं फोलपट राहिलेलं असायचं, ते मीच काढून टाकायचो. पण एकदा का ती उजेडात उभी राहिली, की माझ्यासारखा खडूस माणूससुद्धा दोन मिनिटं गप्प बसायचा. वडखळच्या नाक्यावर, अलिबागकडे वळताना, तिचा मोठा थोरला फ्लेक्स होता. ट्रकवाले बघत जायचे. मला फार अभिमान वाटायचा, उगाच कशाला खोटं बोलू.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. स्टुडिओचं शटर खाली, नाक्यावर पोलीस, हायवे इतका रिकामा की भर दुपारी त्यावर कुत्री पाय ताणून झोपलेली. गल्लीतल्या कारखान्यांत पांढरे गणपती ओळीने बसून होते, रंगाविना, डोळ्यांविना. त्यांच्याकडे बघत मी गच्चीवर फेऱ्या मारायचो. घरातल्यांवर डाफरायचो. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही कुणाचा तरी फोटो काढा बाबा, नायतर आम्हाला सोडा."

त्याच संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला. ती पण कंटाळलेली.

"दादा, माझं तोंड विसरेन मी अशानं," ती म्हणाली. "काहीतरी काढा ना."

"फोनवरून काय काढू? दात?"

"सांगा तरी. तुमच्याकडं आता उजेड कसा हाय?"

मी सांगितलं. पश्चिमेकडून, तिरका, ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट. तीही रोह्यात त्यांच्या गच्चीवर होती, समोर कुंडलिका. मी म्हटलं, नदीकडे पाठ कर. हनुवटी खाली. डावा खांदा सैल सोड. आता बघ. आणि मी कॅमेरा फोनजवळ धरून बटण दाबलं. माझ्यासमोर पाण्याची टाकी होती, फोटो टाकीचा आला असणार. पण पलीकडे तिने धरलेला श्वास सोडल्याचा आवाज मला ऐकू आला. नेहमी सोडते तसाच.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की आम्ही शूटला बसायचो. आज जुन्या पुलावर, आज भाताच्या उडवीपाशी, आज पांढऱ्या गणपतींच्या रांगेत ती एकटी रंगीत. मी उजेड सांगायचो, ती साडीचा रंग सांगायची, मी बटण दाबायचो. कधीकधी दोघंही गप्प व्हायचो आणि फोन चालूच असायचा. त्या शांततेत कुठूनतरी टिटवी ओरडायची, ती पेणची की रोह्याची हे कळायचं नाही.

पण खरा शूट एकच होता, बाकी सगळी रंगीत तालीम. तो मिठागरातला. वडखळच्या पुढे खाडीकाठी मिठाच्या राशी पडतात, वाफ्यांत पाणी उभं असतं आणि सूर्य कलला की वर कोणतं आभाळ आणि खाली कोणतं ते समजत नाही. त्यात ऋतुजा, गर्द निळ्या लुगड्यात, अनवाणी. तीन वर्षं माझ्या डोक्यात तो फोटो होता. साडीवाला नाही, सराफ नाही, कुणासाठी नाही. आमचा आमच्यासाठी.

आणि तो लग्नाआधीच व्हायला हवा होता.

कारण ऋतुजाचं लग्न ठरलं होतं. मुलगा प्रविण, धाटावला कंपनीत ऑपरेटर, स्वभावाने गाईसारखा. त्याच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या आईबद्दल, म्हणजे इंदुबाईबद्दल. नवरा गेल्यावर मिठागरात राबून तिने प्रविणला वाढवलेलं. गाव तेच, मिठागराजवळचं, खाडीकाठचं. ठरवायच्या बैठकीत तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "पोरगी चांगली हाय. पण लगीन झाल्यावर नाक्यावर तोंड टांगायचं नाय." प्रविण जमिनीकडे बघत राहिला. ऋतुजाच्या वडिलांनी मान हलवली. ऋतुजाने चहाचे कप उचलले आणि आत गेली.

त्यामुळे टाळेबंदीचं आमचं गणित उलटं होतं. सगळं जग म्हणत होतं, कधी उघडतंय; आम्ही म्हणत होतो, थोडं थांबा. अक्षय्य तृतीयेचं लग्न पुढे गेलं तेव्हा ऋतुजा मला म्हणाली, "दादा, पाप लागेल का हो मला? बरं वाटलं." मी म्हटलं, लागलं तर निम्मं मला दे. पण जोवर बंद होतं तोवर मिठागरही बंद होतं, आणि मे संपला की राशी उचलतात, पाऊस पडला की वाफे चिखलात जातात. टाळेबंदीतली जी सवलत मला तिच्यापर्यंत सोडणार होती तीच तिला आधी मांडवात नेणार होती. झालंही तसंच. पन्नास माणसांत लग्नाला परवानगी आली, जूनचा मुहूर्त धरला. फोनवर ऋतुजा म्हणाली, "आज कुठला शूट, दादा?" मी म्हटलं, "मिठागर." तिने खूप वेळ श्वास धरून ठेवला. मीच बटण दाबायला विसरलो.

मग निसर्ग वादळ आलं.

त्याचं काय सांगायचं. आमच्या गल्लीतले पत्रे पतंगांसारखे गेले. पेण आणि रोहा दोन्हीकडे दिवसच्या दिवस वीज नाही, फोन नाही. फोन लागला तो पहिला प्रविणचा. तो रोह्यात मित्रांच्या खोलीवर अडकलेला, कंपनीने बाहेर सोडलेलं नाही, रस्त्यावर झाडं आडवी. "नितेशदादा, आई एकटी हाय. पडवीचं सगळं छप्पर गेलं. ताडपत्री कुठंच नाय मिळत. तुमच्याकडं जुने बॅनर असतात ना?"

असतात. प्रत्येक फोटोग्राफरकडे असतात. जाहिरातीचा फ्लेक्स उतरवला की आम्ही तो टाकत नाही. त्याची मागची बाजू पांढरीशुभ्र असते, स्टुडिओत भिंतीपासून जमिनीपर्यंत सोडली की झकास पडदा होतो. पोरंबाळं त्याच्यावर बसवून मी हजारो फोटो काढलेत. माझ्याकडे इतका मोठा एकच होता. वडखळच्या नाक्यावरचा, ऋतुजाचा.

दुसरा इलाज नव्हता. मी मनाशी ठरवलं, चित्र वर करायचं, आभाळाकडे. बघतील ते कावळे बघतील. खाली इंदुबाईला पांढरं दिसेल आणि कुणाला काही कळणार नाही. गुंडाळी बाइकला आडवी बांधली आणि झाडं चुकवत गावात पोचलो.

इंदुबाई भिजलेल्या खाटेवर बसली होती. बारीक अंगाची, उन्हाने काळी पडलेली, मिठाने पांढऱ्या भेगा पडलेले पाय. मला ओळखलं की नाही कोण जाणे. "चढ," एवढंच म्हणाली. वर ढग दाटलेले. शेजारचे दोघे वाशांवर चढले, मी चढलो, गुंडाळी सोडली, ताणली, दोरखंड, खिळे, दगड. सगळं भराभरा. पाऊस सुरू व्हायच्या आत शेवटची गाठ मारली आणि समाधानाने खाली उतरलो.

पडवीत शिरलो आणि वर बघितलं.

वर ऋतुजा होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गुंडाळी सोडताना माझ्या हाताने तेच केलं होतं जे स्टुडिओत रोज करतो, पांढरी बाजू वर. माझ्या हाताला फ्लेक्सची सुलट बाजू म्हणजे पांढरी, चित्र ही उलट. दहा वर्षांची सवय, डोक्याला विचारते कुठे? बाहेरचा ढगाळ उजेड फ्लेक्समधून झिरपून आत येत होता आणि तिचा चेहरा आतून दिवा लावल्यासारखा उजळला होता. चुलीवर तिची हनुवटी, खाटेवर तिचे डोळे. दुकानाचं नाव वाशाबाहेर गेलेलं, कोपऱ्यात फक्त 'मोफत पार्किंग' एवढं उरलेलं. साऱ्या पडवीत निळसर गुलाबी उजेड. इतका सुंदर उजेड मी जन्मात लावू शकलो नसतो, आणि मी परत वाशांवर चढायला वाट शोधत होतो.

इंदुबाई मान वर करून उभी होती.

"हीच ना ती?" तिने विचारलं.

"होय. चुकून... मी उलटा करून देतो, लगेच—"

तेवढ्यात धो धो पाऊस कोसळला. फ्लेक्सवर तो इतका वाजला की पुढचं बोलणं ऐकूच आलं नाही. ती माझ्याजवळ आली आणि ओरडून म्हणाली, "तोंड केवढं मोठं केलंस रं!"

बस. त्यात राग होता की काय होतं, मला कळलं नाही.

ऋतुजाला फोन लागला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. पलीकडून हसण्यासारखा आवाज आला, तो रडण्याकडे वळला, परत हसण्याकडे. "दादा, लग्नाआधीच सासूच्या डोक्यावर बसवलंत मला." आणि मग हळूच, "काय म्हणाल्या त्या?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मोडेल का हो?" हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता. प्रविण तिला आवडत होता, हे तोवर मी धरलंच नव्हतं. मी आपला मिठागरातच.

जूनचं लग्न साहजिकच पुढे गेलं, तुळशीच्या लग्नानंतर. पत्रे मिळेनात, मिळाले तर बसवणारे मिळेनात. प्रविणला सुट्टी मिळेना. फ्लेक्स राहिला तो राहिलाच. दर आठ-पंधरा दिवसांनी दोऱ्या ताणायला मी जायचो. खरं म्हणजे वातावरण बघायला जायचो.

पहिल्यांदा गेलो तर इंदुबाईने खाट ओढून कोपऱ्यात नेलेली, अगदी मोफत पार्किंगच्या खाली. "वरनं बघत ऱ्हाते," ती म्हणाली. "भाकर गिळवत नाय." मी मान खाली घालून दोऱ्या ताणल्या.

पुढच्या वेळी ऋतुजाच्या गालावर चुलीच्या धुराचा काळा पट्टा आलेला. इंदुबाई बांबूला ओलं फडकं बांधून तो पुसत होती. मला बघून ओशाळली. "काळं बरं नाय दिसत. कुणी आलं-गेलं तर." येणारंजाणारं कोण होतं? रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

त्याच्या पुढच्या वेळी खाट परत मध्ये आलेली. मी अंगणात बाइक लावत होतो, आतून बोलणं ऐकू आलं. वाटलं, प्रविण आला. "तुला काय जातंय हसाया," इंदुबाई म्हणत होती. "मीठ धुऊन गेलं, पोरगा अडकला, आन तू हस." मग भांड्याचा आवाज. मग, बऱ्याच मऊ आवाजात, "जेवलीस का तू तरी?" मी दाराबाहेर उभा राहिलो. दोऱ्या न ताणताच परत फिरलो.

हे सगळं मी ऋतुजाला सांगायचो. आमचे संध्याकाळचे शूट आता बंदच पडले होते. ती उजेड विचारायची नाही, साडीचा रंग सांगायची नाही. विचारायची, "आज काय म्हणाल्या?" जेवलीस का ते सांगितलं तेव्हा गच्चीवरून आधी नदीचा आवाज आला. मग म्हणाली, "त्यांना सांगा, जेवले. वालाचं बिरडं होतं." मी पुढच्या वेळी सांगितलं. इंदुबाईने माझ्याकडे नाही, वर बघितलं आणि मान डोलावली.

गणपती येऊन गेले आणि पत्रे आले. प्रविणला सुट्टी मिळाली. त्याने फोन केला, "उद्या छप्पर घालतोय. आईनं तुम्हाला बोलावलंय. कॅमेरा घेऊन."

मी मनात सगळे वाईट विचार करून गेलो. पुरावा म्हणून फोटो हवा असेल, बघा माझ्या घराची काय शोभा केली. पोचलो तर अंगणात प्रविणच्या बाइकवरून ऋतुजा उतरत होती. मार्चनंतर पहिल्यांदा मी तिला बघत होतो. मास्क लावलेला, साधा पंजाबी ड्रेस. वाळली होती. माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

आत गेलो. पडवीत तोच निळसर गुलाबी उजेड, वर ती, खाली ती. इंदुबाईने तिला मास्क काढायला लावला. एकदा वर बघितलं, एकदा समोर. बराच वेळ असं चाललं होतं. आम्ही तिघं शाळेतल्या मुलांसारखे उभे.

"बारीक हाय गो तू," ती शेवटी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "उतरवायच्या आधी फोटू काढ. आमचा दोघींचा. वरची पण आली पायजे."

मी कॅमेरा काढला. पण त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे निळे पडत होते. मी म्हटलं, "काहीतरी पांढरं लागेल. आधी पांढऱ्याचा एक फोटो काढला की कॅमेऱ्याला रंग कळतात." कागद शोधायला लागलो. इंदुबाई आत गेली आणि ओंजळ भरून मीठ घेऊन आली, मडक्यातलं, गेल्या हंगामातलं, जाडं. ऋतुजासमोर हात धरून म्हणाली, "ह्याच्याहून पांढरं आमच्याकडं काय नाय." मी त्या ओंजळीचा फोटो काढला. मागे ऋतुजाचा श्वास धरलेला. तीन वर्षं मी मीठ आणि ती एका चौकटीत बघत होतो, आणि आज कुणी न ठरवता दोघं एका चौकटीत होती. माझे डोळे भरले, मी ते कॅमेऱ्याच्या मागे लपवले. कॅमेऱ्याचा तेवढा एक फायदा आहे.

दोघींचा फोटो झाला. मग इंदुबाई चुलीपाशी टेकली.

"मना भ्या वाटायचं," ती म्हणाली. "नाक्यावरची बाई. येणाराजाणारा बघणार, काय काय बोलणार. ऐकलंय मी ट्रकवाल्यांचं." प्रविणने मान खाली घातली. "आता पावसाळाभर मीच बघितली. शिव्या घातल्या, रडले, सगळं बोलून झालं तिच्याशी. वरनं कधी उलट बोलली नाय." तिने ऋतुजाकडे बघितलं. "तू बोलशील. बोल. पण तोंड लपवू नको. माझ्यासाठी तर नकोच."

ऋतुजाने हातातला मास्क मुठीत चुरगळला.

"आन तू," इंदुबाई माझ्यावर आली, "मिठागरात फोटू काढायचा म्हणतोस ना? प्रविणनं सांगितलं मना. मीठ निघू दे. माझ्या राशीवर काढायचा. दुसऱ्याच्या राशीवर गेलास तर बघ."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

मग प्रविण आणि शेजारचे वर चढले. गाठी सुटल्या, फ्लेक्स एका बाजूने सैल झाला, ऋतुजाच्या कपाळाला सुरकुत्या पडल्या, मग गाल, मग ती सगळीच्या सगळी घसरत वाशांवरून पलीकडे गेली. पडवीत लख्ख उघडं ऊन आलं. मग एकेक पत्रा बसत गेला आणि अंधार होत गेला. शेवटचा पत्रा ठोकला तेव्हा आत इतकं काळं झालं की डोळे सरावायला वेळ लागला.

इंदुबाई खाटेवर आडवी झाली होती, दमून. सवयीने वर बघत होती. वर नुसता पत्रा. ती बघतच राहिली. मग हात लांब करून तिने हवेत चाचपलं, जसं आपण अंधारात दिव्याचं बटण चाचपतो, आणि हात तसाच राहिला.

"गेली," ती म्हणाली, कुणालाच नाही.

ऋतुजा माझ्याशेजारी उभी होती. ती हलली. खाटेच्या उशापाशी गेली, वाकली, आणि तिचा चेहरा बरोबर तिथे आला जिथे तो एवढे दिवस होता. केस खाली सुटले. त्यात वालाचं फोलपट होतं.

"आत्या, मी हाय हिथं," ती म्हणाली.

दारातून थोडा उजेड येत होता, तिरका. मी काहीच सांगितलं नाही. हनुवटी नाही, खांदा नाही. बटण दाबलं तेव्हा तिने श्वास धरलेला नव्हता.